चपला आत घेण्याची सोय

बंगळूरहून परत आल्यापासून सांगलीत भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "मग, काय काय पाहिलंस?" बाग पाहिली का, राजवाडा पाहिला का, हवा म्हणतात तशी गार आहे का. मी खरं सांगते आणि लोकांची निराशा करते. मी एक फाटक पाहिलं. हेब्बाळच्या एका सोसायटीचं फाटक. पुष्कळदा आतून आणि शेवटच्या दिवशी फक्त बाहेरून.

आता एवढ्या लांब जाऊन फाटक बघून येणारी बाई कोण, हे सांगायला हवं. मी समाजशास्त्रात पीएचडी केली ती आग्रह या विषयावर. हसू नका. पंगतीत वाढणारा 'घ्या' म्हणतो, खाणारा 'नको' म्हणतो, त्यातला कुठला 'नको' खरा, हा माझा विषय. माझा निष्कर्ष असा की पहिला नको रीतीचा, दुसरा लाजेचा आणि तिसरा पोटाचा. एवढं सिद्ध करायला मला काही वर्षं लागली आणि वजनही वाढलं, कारण माहिती देणाऱ्या बायका आधी जेवायला घातल्याशिवाय माहिती देत नसत.

या विद्वत्तेच्या जोरावर मी गावातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे दर जूनमध्ये प्राचार्यांच्या दाराबाहेर उभं राहायचं आणि यंदा तास आहेत का, असं विचारायचं. प्राचार्य भले गृहस्थ. ते कधीच नाही म्हणत नसत. "बघू" म्हणत. माझ्याच विषयातला माणूस, पण मला त्याचा वीट आला होता.

अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं कळवलं की बंगळूरच्या एका कंपनीला माणसांचा अभ्यास करणारं माणूस हवं आहे. काही आठवडे काम करून दाखवायचं. पसंत पडलं तर कायमची नोकरी. त्या लोकांच्या भाषेत याला यूजर रिसर्च म्हणतात. मी महाविद्यालयाला सांगितलं की दोन तास गेले तरी चालतील, आणि मनात म्हटलं की सगळेच जावोत. पाहुणी म्हणून जाते आहेस, रिकाम्या हातानं जाऊ नकोस, असं म्हणून आईनं भडंगाचे पुडे बांधून दिले आणि मी निघाले.

कोरमंगला

कोरमंगल्यात मी एका पीजीत उतरले. तिथं माझ्याशिवाय सगळ्या मुली माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या आणि मला 'दीदी' म्हणून गरम पाण्याच्या रांगेत पुढं सोडत होत्या. पीएचडीचा इतका उघड फायदा मला आजवर कुठं झाला नव्हता. पहिल्या सकाळी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात चौचौ भात मागवला. नाव ऐकून भात येईल असं वाटलं होतं. आलं ते उप्पीट आणि शिरा, एकाच ताटलीत शेजारी शेजारी. आमच्याकडे हे दोघं एका ताटलीत आले की बाहेरच्या खोलीत मुलगी बघायला आलेली मंडळी बसलेली असतात. इथं लोक उभ्याउभ्या ते संपवून, कुणालाही पसंत न करता ऑफिसला जात होते.

ऑफिसात माझा वरिष्ठ म्हणजे कार्तिक. माझ्याहून लहान, दाढी राखलेला, स्वभावानं गोड आणि घाईत. तो इंग्रजीत बोलायचा, मी त्याचं बोलणं मराठीत देते.

"किती दिवसांत कळेल?" त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं.

"काय?"

"लोक असं का वागतात ते."

मी म्हटलं, प्राथमिक क्षेत्रकार्याला वर्ष तरी हवं. तो मान डोलावून म्हणाला, "सुपर. गुरुवारपर्यंत दे."

त्यांचं काम असं होतं. मोठमोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकऱ्याकडे एक टॅब असतो. पाहुणा आला की पहारेकरी त्याचं नाव टॅबवर टाकतो. ते वर घरवाल्यांच्या फोनवर वाजतं आणि दोन बटणं दिसतात. हिरवं दाबलं तर पाहुणा आत, लाल दाबलं तर परत. सामान पोचवणाऱ्या पोरांच्या बाबतीत सगळं सुरळीत चालायचं. पण पाहुणा ओळखीचा असला की बऱ्याच घरांतून ना हिरवं यायचं ना लाल. फोन वाजून वाजून थांबायचा आणि पाहुणा फाटकात उन्हात तळत राहायचा. कंपनीनं यावर उपाय म्हणून घंटीचा आवाज वाढवला होता. मग आणखी वाढवला होता. मी गेले तेव्हा तो आरतीच्या घंटेच्या जवळपास पोचला होता.

मी माझ्या सवयीनं आधी पूर्वसुरींचा आढावा लिहिला. कार्तिकनं तो स्क्रीनवर भराभर खाली सरकवला आणि एका ठिकाणी थांबून विचारलं, "हे पानाच्या खाली बारीक अक्षरात काय आहे?"

"तळटीप."

"मुद्दा महत्त्वाचा असेल तर खाली का? आणि नसेल तर लिहिला का?"

मी सगळं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, मला कुणाच्या तरी घरी जाऊन बसू दे. नियमाप्रमाणे एका घरी फार तर पाऊण तास बसायचं असतं, असं तो म्हणाला. मी बरं म्हटलं. पण पाऊण तासात आमच्याकडे चहासुद्धा होत नाही.

हेब्बाळ

मला मराठी येतं म्हणून हेब्बाळ तळ्याजवळच्या एका सोसायटीतलं मराठी घर मिळालं. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. जुन्या पेठेत त्यांचं जरीकाठाचं दुकान आहे. मुलगा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला, तो पहाटे जातो तो रात्री येतो, म्हणून मला दिसला नाही. घरात दोघंच असत, सरोजाक्का आणि त्यांचे यजमान. यजमानांना सगळी सोसायटी अण्णा म्हणते, अक्कासुद्धा कधीकधी म्हणतात. त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, गॅलरी थेट फाटकावर.

फाटकात बिरेन नावाचा ओडिशाचा पहारेकरी होता. त्यानं टॅबवर माझं नाव घातलं. वरून घंटेचा आवाज इथपर्यंत ऐकू आला आणि लगेच हिरवं आलं. "पहली बार में!" बिरेन म्हणाला. मला आपली पात्रता सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

"ये गं ये. ऊटा झालं का?" अक्कांनी दारातच विचारलं. ऊटा म्हणजे जेवण. मी झालं म्हटलं. माझ्या शास्त्राप्रमाणे हा पहिला नको होता. अक्का दुसऱ्या नकोची वाट बघायला थांबल्याच नाहीत. पान मांडलं, बिसीबेळे भात वाढला, वर कोशिंबीर, वर तुपाची धार.

"बस बस, अक्का."

"अय्यो, स्वल्प घे गं." आणि पळीभर भात.

स्वल्प म्हणजे थोडं. बंगळुरात हा शब्द दिवसभर कानावर पडतो. रिक्षावाला स्वल्प जास्त मागतो, दुकानदार स्वल्प थांबवतो. पण अक्कांच्या पळीत स्वल्पाचं माप काही और होतं. माझा तिसरा नको, जो मी प्रबंधात खरा ठरवला आहे, तो त्यांच्या कानापर्यंत गेलाच नाही. चौथ्या वेळी मी ताटावर आडवी झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "सरी, मग स्वल्प होळिगे घे." सरी म्हणजे बरं. पुरणपोळीला हे लोक होळिगे म्हणतात आणि ती दुधाबरोबर नुसती सरकते. माझा सांगलीचा निष्कर्ष कृष्णेच्या पलीकडे चालत नाही, हे मी तिथंच मान्य केलं.

दुपारी ज्याच्यासाठी आले होते ते घडलं. फोन वाजला. अण्णांच्या हातातच होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि फोन टीपॉयवर ठेवला, पाल अंगावर पडावी तसा.

"कोण आलंय?" अक्का.

"मल्लेश्वरमचे बंधू."

हे अण्णांचे चुलतभाऊ. अक्कांनी मला हळूच सांगितलं की ते आले की संध्याकाळपर्यंत बसतात, आपल्या पित्ताची हकिगत पहिल्यापासून सांगतात आणि मधेच टीव्हीचा आवाज कमी करायला लावतात. फोन घणघणत होता. लाल बटण लुकलुकत होतं.

"दाबा की हो," अक्का म्हणाल्या.

"कुठलं?"

"तुम्हीच बघा. तुमचे बंधू."

"तू दाब. तू दाबलंस तर चुकून दाबलं म्हणता येतं."

"मी का म्हणून? उद्या लग्नकार्यात त्यांच्या बायकोचं तोंड मला बघायचंय."

दोघं फोनकडे बघत बसले. मीही बघत बसले. तो थांबला तेव्हा आम्ही तिघांनी श्वास सोडला. मग अण्णा माझ्याकडे वळून, जणू मीच मल्लेश्वरमचा बंधू आहे अशा सुरात म्हणाले, "काय आहे, फोन चार्जिंगला होता. आत. ऐकूच आलं नाही." मग अक्कांना विचारलं, "बरं वाटतंय ना असं?"

"आत म्हणू नका. न्हाणीघरात होतो म्हणा," अक्कांनी सुधारणा केली.

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. घंटी ऐकू येत नव्हती असं नव्हतंच. ती सगळ्या मजल्याला ऐकू येत होती. पण आलेल्या सोयऱ्याला परत पाठवणारं बटण आपल्या बोटानं कोण दाबणार?

आमच्याकडे सांगलीला याची फार जुनी सोय आहे. दुपारी कुणी नको असलं की आई दाराबाहेरच्या चपला आत घेते. बस. येणारा जिना चढतो, उंबऱ्याबाहेर बघतो, चपला नाहीत म्हणजे मंडळी बाहेर गेली असं समजतो आणि उतरतो. आत पंखा चालू असतो हे त्याला ऐकू येतं, पण ते तो ऐकत नाही. संध्याकाळी भेटला की म्हणतो, "येऊन गेलो, तुम्ही नव्हता." आई म्हणते, "अगंबाई, आत्ताच बाहेर पडलो होतो." कुणी कुणाला नको म्हटलेलं नसतं. या लोकांनी टॅब बसवला, कॅमेरा बसवला, आरतीची घंटा बसवली, आणि चपला आत घ्यायची जागाच ठेवली नाही.

पाऊण तासाचा नियम मी अर्थातच पाळला नाही. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये, हे माझ्या हाडांत मुरलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, मग जातच राहिले. अक्कांबरोबर अवरेकाळू, म्हणजे ओले वाल, सोलले. त्यांची दुपारची मालिका पाहिली आणि कोण कुणाची सून ते विचारून घेतलं. अक्का मायेनं विचारायच्या, "तुझी आई वाट बघत असेल ना गं?" किंवा "हे तुझं काम कधी संपतंय म्हणालीस?" एक कॉफी झाली की थोड्या वेळानं दुसरी आणायच्या आणि म्हणायच्या, "ही घेऊन मग निघशील." अण्णांना तर मी आले की फिरायला जायची आठवण व्हायची. मी अहवालात लिहिलं, 'कुटुंबाशी विश्वासाचं नातं प्रस्थापित झालं असून त्यांना संशोधनाच्या प्रगतीविषयी आस्था आहे.'

पुन्हा कोरमंगला

एक गुरुवार हुकवून दुसऱ्या गुरुवारी मी सगळ्या टीमपुढं उभी राहिले. मला एकच स्लाइड मिळाली होती. मी त्यावर आईच्या दाराचा फोटो लावला. उंबरा, रांगोळी, चपला नाहीत.

मी सगळी गोष्ट सांगितली. मग म्हटलं, तिसरं बटण द्या. ते दाबलं की फाटकावर दिसेल, सध्या घरी कोणी नाही. घरवाला नको म्हणत नाही, सिस्टिम म्हणते.

"म्हणजे लोकांना आपण खोटं बोलायला शिकवायचं?" कार्तिक म्हणाला.

"शिकवायला नको. येतं."

सगळे हसले. कार्तिकही हसला. मग म्हणाला, "सुपर. फारच सुपर. बघू या."

एवढा सगळा हा एकाच विषयाचा अभ्यास, आणि मला 'बघू' ओळखता येणार नाही? हे प्राचार्यांचंच 'बघू' होतं, फक्त दाढी लावलेलं. मी जागची हलले नाही. म्हटलं, "नको असेल तर नको म्हण. मी यातली तज्ज्ञ आहे."

तो ओशाळला. मग पहिल्यांदाच सरळ बोलला. त्याला विश्वास नव्हता. माझा अहवाल आधीच वाचून त्यानं सोसायटीतल्या काही लोकांना फोन करून विचारलं होतं, असं बटण वापराल का? एकूण एक सगळे नाही म्हणाले होते.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या एका सोसायटीत लावून बघू," तो म्हणाला. "एकानं तरी ओळखीच्या माणसावर ते दाबलं, तर बटण राहील आणि तूही राहशील. नाहीतर मला वरच्यांना काय सांगायचं?"

मी बरं म्हटलं. पीजीत येऊन पाहिलं तर महाविद्यालयाचा निरोप आला होता, तासांची यादी पुढच्या शनिवारी नक्की होणार, येणार असाल तर कळवा. मला ती बंगळूरची नोकरी हवी होती. इतकी हवी होती की मी नवसाचा विचार केला आणि मग कोणत्या देवाला असलं बटण चालेल, या प्रश्नावर अडले.

बटण लागलं. मी स्वतः अक्कांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो, हे काय गं? आमच्या घरी असलं चालत नाही. आलेल्याला आम्ही कधी परतवत नाही."

"अतिथी देवो भव," अण्णा दारात चपला चढवताना म्हणाले.

"पण मल्लेश्वरमचे..."

"त्या दिवशी फोन चार्जिंगला होता," दोघं एकदम म्हणाले.

सोमवारी कुणी बटण दाबलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी एकानं दाबलं म्हणून मी हुरळले, तर तो नळ दुरुस्त करायला आलेला माणूस निघाला आणि कार्तिकनं तो मोजायला नकार दिला. शुक्रवारी दुपारी मी महाविद्यालयाला 'येते' असं लिहिलं. पाठवायचं तेवढं राहिलं.

फाटक

शुक्रवारी संध्याकाळी म्हटलं, नोकरी गेली तर गेली, अक्कांचा निरोप घेतल्याशिवाय कसं जायचं? त्यांनी इतकं केलं. भडंगाचा शेवटचा पुडा घेतला आणि हेब्बाळला गेले. तळ्यावरून वारा येत होता. गॅलरीत अक्का वाळलेले कपडे काढत होत्या, पिवळी साडी लांबून ओळखू येत होती.

बिरेननं माझं नाव टाकलं. वर घंटा घणघणली. अक्कांनी कपडे खांद्यावर टाकले, कठड्यावरचा फोन उचलला, चष्मा लावला. मी खालून हात हलवायला उचलला.

तेवढ्यात बिरेनच्या टॅबवर अक्षरं उमटली. सध्या घरी कोणी नाही. आपण येऊन गेल्याचं कळवलं जाईल.

मला लागलं. खरंच लागलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्या दुसऱ्या कॉफ्या आठवल्या. आईची चौकशी आठवली. अण्णांचं फिरणं आठवलं. कधी संपतंय म्हणालीस, कधी संपतंय म्हणालीस. त्या बाईनं मला किती वेळा नको म्हटलं होतं, आणि मी, आग्रह आणि नकार या विषयातली पीएचडी, प्रत्येक वेळी त्याची नोंद करून पुन्हा जिना चढले होते. तिला बिचारीला तिची मालिका शांतपणे बघायची होती.

आणि मग डोक्यात आलं की मला नोकरी लागली.

"मैडम," बिरेन वर बघत म्हणाला, "आंटी तो ऊपर खड़ी हैं."

"नहीं हैं."

"वो देखिए ना, पीला साड़ी..."

"घर में कोई नहीं है, भैया. सिस्टम बोल रहा है ना?"

अक्कांनी नेमकं तेव्हाच खाली पाहिलं. आमची नजरानजर झाली. मग त्या तळ्याकडे बघू लागल्या आणि मी बिरेनच्या खुर्चीकडे. भडंगाचा पुडा मी त्याच्या टेबलावर ठेवला, आंटी घरी आल्या की द्या म्हणून सांगितलं आणि रिक्षाला हात केला. रिक्षावाल्यानं स्वल्प जास्त मागितले. मी दिले.

रात्रीच्या जेवणाआधी अक्कांचा फोन आला.

"अय्यो, येऊन गेलीस म्हणे! आम्ही स्वल्प बाहेर गेलो होतो गं. भडंग फार छान आहे."

"मला वाटलंच बाहेर गेला असाल," मी म्हणाले. "अक्का, मला नोकरी लागली. पुढच्या महिन्यात मी कायमची बंगळूरला येतेय."

पलीकडे मालिकेचं संगीत बारीक झालं.

"हौदा?" अक्का म्हणाल्या. हौदा म्हणजे असं का. "ये की गं, ये. आपलंच घर आहे. फक्त येण्याआधी फोन कर."